वाचून दाखवलेला शब्द : मराठी बंडखोर साहित्य आणि १९३० चे सोलापूर

इंग्रजी सत्तेविरुद्ध महाराष्ट्र उठला त्यात छापील शब्दाचा वाटा मोठा होता, पण कादंबरीचा वाटा त्यात अगदी थोडा. लोकांना चेतवले ते नाटकातल्या संवादांनी, मेळ्यातल्या पदांनी आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांनी, म्हणजे चारचौघांत ऐकल्या जाणाऱ्या शब्दाने. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांचा अंमल काही दिवस जवळजवळ नाहीसा झाला आणि पुढे चार सोलापूरकर येरवड्यात फासावर गेले. त्या चौघांपैकी एक जण वर्तमानपत्र चालवणारा विशीतला तरुण होता.

फिलिपाइन्समध्ये मात्र हे काम खरोखरच कादंबरीने केले. होसे रिसाल हा डोळ्यांचा डॉक्टर. त्याची 'नोली मे टांगेरे' १८८७ साली बर्लिनमध्ये आणि 'एल फिलिबुस्तेरिस्मो' १८९१ साली बेल्जियममधल्या गेंट शहरात छापली गेली. पहिल्या पुस्तकाच्या छपाईला पैसे नव्हते. ते माक्सिमो व्हिओला या मित्राने दिले. दुसरे पुस्तक १८७२ साली स्पॅनिश सरकारने मारलेल्या तीन देशी धर्मगुरूंना अर्पण केलेले आहे. जमिनी बळकावून बसलेले मठवासी आणि त्यांना पाठीशी घालणारे सरकार यांचे चित्र या पुस्तकांत इतके उघड होते, की त्यांवर बंदी आली आणि प्रती चोरून नेल्या जाऊ लागल्या. गंमत अशी, की दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये होत्या आणि ती भाषा सामान्य फिलिपिनो माणसाला येतच नव्हती. थोड्यांनी वाचले, बाकीच्यांनी त्यांच्याकडून ऐकले. त्या थोड्यांत मनिलाचा आंद्रेस बोनिफासिओ होता. १८९२ साली त्याने 'कातिपुनान' ही गुप्त संघटना उभारली आणि १८९६ मध्ये बंड केले. बंडात रिसालचा हात नव्हता, तरी ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच हिवाळ्यात मुंबई-पुण्यात प्लेग शिरला होता. पुढच्या सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना 'केसरी'तल्या मजकुरासाठी राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

मराठीत तोवर कादंबरी नव्हती असे नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ पासून 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून येऊ लागली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' साप्ताहिक १८९० साली निघाले आणि शिवकालावरची 'उषःकाल' त्यातूनच हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे गेली. परक्या सत्तेखाली घुसमटणारा मराठी तरुण आणि स्वराज्याची पहाट हा 'उषःकाल'चा विषय. १८९५ नंतरच्या पुण्यात तो विषय अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे असे कोणत्या वाचकाला वाटले असेल? तरी सरकारने या कादंबरीला हात लावला नाही. हरिभाऊ स्वतः नेमस्त, नामदार गोखल्यांच्या वर्तुळातले आणि पुणे नगरपालिकेत मानाने वावरणारे गृहस्थ होते, हे एक कारण. दुसरे कारण वाचनाच्या रीतीत होते. कादंबरी घरात कंदिलाशी बसून एकट्याने किंवा फार तर घरच्यांना वाचून दाखवण्याची वस्तू होती. तिने मन पेटले तरी गर्दी जमत नव्हती, आणि सरकारची नजर गर्दीवर होती.

ही नजर कामाला कशी लागत असे, ते सरकारी दप्तरात दिसते. मुंबई सरकार देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा साप्ताहिक गोषवारा तयार करवीत असे. भाषांतर खात्यातले कारकून मराठी, गुजराती, कानडी पत्रे वाचून त्यांतला खटकणारा मजकूर इंग्रजीत उतरवत. पत्राचे नाव, गाव आणि खप हे तपशील नोंदले जात. सोलापूरचे 'कल्पतरू' हे जुने पत्रही या नोंदींत भेटते. आज संशोधकांना जुन्या मराठी पत्रांतला बराच मजकूर सापडतो तो या पाळतीच्या कागदांत, कारण मूळ अंक गेले आणि पाळत मात्र जपून ठेवली गेली.

राजद्रोहाचे १२४-अ हे कलम दंडसंहितेत १८७० साली आले. टिळकांवर ते १८९७ आणि १९०८ मध्ये चालवले गेले. दुसऱ्या वेळी सहा वर्षांची मंडाले त्यांच्या वाट्याला आली. शिवराम महादेव परांजप्यांच्या 'काळ'मधला उपरोध सरकारला टोचला आणि १९०८ साली तेही तुरुंगात गेले. 'काळ'मधल्या निवडक निबंधांचे पुस्तक सरकारजमा झाले. परांजप्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या होत्या, त्यांच्या मागे कोणी लागले नाही. वामन मल्हार जोश्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. 'रागिणी'चे लेखक म्हणून ते पुढे गाजले, पण तुरुंगवास घडला तो त्याआधी, १९०८ साली, आणि कादंबरीपायी मुळीच नव्हे. कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख आला, त्यात सरकारला चिथावणी दिसली आणि मासिकाशी संबंधित म्हणून वामनरावांना तीन वर्षे सक्तमजुरी भोगावी लागली. वेदातल्या ऋचांवरून कादंबरीकार तुरुंगात आणि कादंबऱ्या दुकानात मोकळ्या, असा हा मामला.

कवितांची शिक्षा सर्वांत जबर होती. नाशिकचे गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांनी देशभक्तिपर कवितांची छोटी पुस्तिका काढली. त्यावरून जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळे पाणी आणि मालमत्तेची जप्ती अशी शिक्षा झाली. खटला वरच्या कोर्टाकडे पाठवणारे जिल्हाधिकारी होते जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. बदली झालेल्या जॅक्सनसाहेबांना निरोप देण्याचा तो प्रसंग. तिथेच अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली.

या खुनानंतर महिनाभरातच सरकारचे लक्ष एका नाटकावर स्थिरावले. हे नाटक 'शारदा'सारखे सामाजिक नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ पासून रंगभूमीवर गाजत होते. खाडिलकर मूळ सांगलीचे, टिळकांच्या हाताखाली 'केसरी'त तयार झालेले. अग्रलेख लिहिणारा माणूस नाटक लिहायला बसला, की त्यात अग्रलेखाचा दाह उतरणारच. महाराष्ट्र नाटक मंडळी या तरुणांच्या मंडळीने ते रंगवले.

कथा विराटपर्वातली, घरोघर ठाऊक असलेली. पांडव अज्ञातवासात विराटाच्या दरबारी नोकरीला आहेत. द्रौपदी सैरंध्री म्हणून राणीची दासी झाली आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिच्यावर डोळा ठेवतो. युधिष्ठिर धीर धरा म्हणतो, मुदत संपेपर्यंत थांबा म्हणतो, नियमाने चला म्हणतो. आचारी म्हणून राहिलेला भीम थांबत नाही. राजा विराट दुबळा. मेहुण्यापुढे त्याचे काही चालत नाही. यात कुठे इंग्रज हा शब्द नाही, गव्हर्नर जनरल नाही, बंगाल नाही. पण लॉर्ड कर्झन १९०५ च्या अखेरीस भारत सोडून गेला होता आणि त्याने केलेली बंगालची फाळणी ताजी होती. मस्तवाल सेनापती म्हणजे कोण, विटंबना सोसणारी सैरंध्री कोण, अर्जविनंत्यांवर भिस्त ठेवणारा थोरला भाऊ म्हणजे काँग्रेसमधला कोणता पक्ष आणि बाह्या सरसावणारा भीम कोणता, हे पिटातल्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० साली हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक लिहिले, त्यात या नाटकाचे सविस्तर वर्णन आहे. कर्झनचे नाव कुठेही नसताना नाट्यगृहातल्या प्रत्येकाला कीचक म्हणजे कोण ते कळते, असे तो नोंदवतो. द्रौपदीच्या दुःखाने भारावलेले, कीचकाच्या मरणाकडे डोळे लावून बसलेले प्रेक्षक त्याने रंगवले आहेत. चिरोल मराठी माणसाचा शत्रूच. टिळकांनी याच पुस्तकावरून त्याच्यावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते तो हरले. पण 'कीचकवध'च्या परिणामाची साक्ष द्यायला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण. जे मित्राने लिहिले असते तर अतिशयोक्ती वाटली असती, ते शत्रूने धास्तावून लिहून ठेवले.

जानेवारी १९१० मध्ये 'कीचकवध'चे प्रयोग बंद झाले. त्यासाठी लागणारा कायदा हाताशी होताच. बंगाली रंगभूमीच्या धास्तीने १८७६ साली केलेला नाट्यप्रयोगांवरचा कायदा मराठी रंगभूमीला लागू पडला. गणेशोत्सवातल्या मेळ्यांची पदेही याच सुमारास पोलिसांच्या कात्रीखाली आली. नाटक बंद करता येते, पण महाभारत बंद करता येत नाही, ही सरकारची अडचण होती. कीर्तनकार उत्तररंगात कीचकाची गोष्ट लावू शकत होता आणि ती ऐकणाऱ्याला आता नवा अर्थ माहीत झाला होता. खाडिलकर पुढे 'मानापमान', 'स्वयंवर'सारख्या संगीत नाटकांकडे वळले, १९२३ साली त्यांनी 'नवाकाळ' काढला आणि १९२९ साली त्यातल्या लेखासाठी राजद्रोहाखाली शिक्षाही घेतली.

त्यानंतरचे वर्ष सोलापूरचे. हे शहर पुण्या-नाशिकहून वेगळे. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचे तळे यांच्या भोवतीचे जुने गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांनी पसरले. १८७० च्या दशकात उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल लोकांच्या तोंडी 'जुनी गिरणी' झाली. मागून विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर तेलुगू बोलत, लिंगायत व्यापारी कानडी, मोमीन आणि इतर मुसलमान उर्दू-दख्खनी, आणि बाजाराची भाषा मराठी. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी सरकारने काटेरी तारांच्या कुंपणाची वसाहत केली होती, तिला सोलापूरकर 'सेटलमेंट' म्हणत. तिथली माणसेही गिरणीत राबत. अशा शहरात कादंबरी कितीजणांना गाठणार? १९३१ च्या जनगणनेत सगळ्या देशात साक्षर माणसे शेकडा दहासुद्धा भरली नाहीत. गिरणगावातली रीत सगळीकडे एकच : वर्तमानपत्र घेणारा एक, वाचता येणारा एखादा आणि पाळी सुटल्यावर भोवती बसून ऐकणारे दहा-पंधरा.

या श्रोत्यांसाठी लिहिणाऱ्यांत अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हा तरुण होता. कामगारांत वावरायचे, सभांत बोलायचे आणि 'गझनफर' हे वर्तमानपत्र चालवायचे, असे त्याचे दिवस जात. गझनफर हा अरबी शब्द, अर्थ सिंह. टिळकांच्या 'केसरी'चा अर्थही तोच. सोलापूरच्या मुसलमान तरुणाने आपल्या पत्राला हेच नाव शोधावे, हा योगायोगही असेल. पण पुण्यातून सुटलेली परंपरा गिरणीच्या दारापर्यंत कशी पोचली ते या एका नावात दिसते. रामभाऊ राजवाड्यांचे 'कर्मयोगी' हे काँग्रेसच्या बाजूचे आणखी एक पत्र.

मिठाचा सत्याग्रह सुरू झाला त्या दिवशी, ६ एप्रिल १९३० रोजी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगी झेंडा चढला. २७ एप्रिलला व्हाइसरॉय आयर्विनने वर्तमानपत्रांविरुद्ध वटहुकूम काढला. छापखान्यांकडून जामीन मागायचे आणि ते जप्त करायचे हा जुना खेळ पुन्हा सुरू झाला. ५ मे रोजी पहाटेआधी गांधीजींना कराडी येथे अटक झाली. बातमी येताच सोलापुरात हरताळ पडला, गिरण्या ओस पडल्या.

८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडे तोडायला गेले. दारूविरोधी सत्याग्रहाचा तो भाग होता. पोलिसांनी धरपकड केली, दगडफेक झाली, जिल्हाधिकारी नाइट फौजफाट्यासह आले. बिथरलेल्या जमावाला आवरण्यासाठी मध्ये पडलेल्यांत मल्लप्पा धनशेट्टी होते. गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण प्रथम पडला. मग मात्र जमाव कोणाच्याच हाती राहिला नाही. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी कुटुंबे हलवली आणि सरकार शहराच्या कडेला जाऊन बसले. पुढचे तीनेक दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. 'सोलापूरचे तीन दिवसांचे स्वातंत्र्य' म्हणून ज्याचा अजून उल्लेख होतो, ते हेच.

१२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. सोलापूरकरांच्या बोलण्यात तो 'मार्शल लॉ'च. त्यासाठी मराठी शब्द इथे कधी रुळला नाही. या सात आठवड्यांतल्या शिक्षांची यादी पाहिली, की सत्तेला नेमके काय सलत होते ते कळते. राष्ट्रीय झेंडा बाळगणे हा कित्येक वर्षांच्या सक्तमजुरीचा गुन्हा झाला. गांधी टोपी दिसली की सैनिक ती उतरवू लागले. तुळशीदास जाधव यांना लष्करी अधिकारी पेज याच्यापुढे उभे केले, पिस्तूल रोखून टोपी काढायला सांगितले आणि जाधवांनी डोके पुढे केले पण टोपीला हात लावला नाही, हा प्रसंग सोलापुरात आजही सांगतात. शेट रामकृष्ण जाजूंसारखे पुढारी तुरुंगात गेले. 'कर्मयोगी'चे राजवाडे यांनाही शिक्षा झाली. चौकी जाळणारा हात आणि अग्रलेख लिहिणारा हात यांत लष्करी न्यायालयाने फारसा भेद केला नाही.

मंगळवार पेठेतल्या पोलिसांच्या खुनाचा ठपका चौघांवर आला : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. जमाव शांत करायला धडपडलेला माणूस आणि वर्तमानपत्राचा संपादक त्याच खुनाचे आरोपी ठरावेत, हे सोलापूरकरांना कधीच पटले नाही. चौकीपाशी कोण होते यापेक्षा शहरात कोणाचा शब्द चालत होता, हा निकष या निवडीमागे असावा असा समज तेव्हापासून आहे. एक कानडी बोलणारा लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान अशी ही नावे. गिरणगावाचा जणू नमुनाच सरकारने फासावर चढवला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली.

यावरही मोठी कादंबरी झाली नाही. चौघांची कथा पोवाड्यांत, भाषणांत, शाळेतल्या धड्यांत आणि घरच्या आठवणींत फिरत राहिली. सोलापूरचेच कवी कुंजविहारी, म्हणजे हरिहर गुरुनाथ सलगरकर, यांची 'भेटेन नऊ महिन्यांनी' ही कविता याच हवेतली. फाशी जाणारा मुलगा आईची समजूत घालतो, तुझ्याच पोटी परत येईन म्हणतो. एक पिढी ती कविता तोंडपाठ म्हणत असे. त्यांतल्या कितीकांना कवीचे नावही ठाऊक नव्हते.

सोलापुरात आज चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीचे नाव हुतात्मा एक्स्प्रेस आहे. त्यांच्या स्मरणार्थ महापालिकेने बांधलेले हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आहे, आणि दौऱ्यावर आलेल्या नाटकांचे प्रयोग तिथे होतात.